कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर

सोमवार, २ मार्च

काल लिहिलं ते चूक आहे. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी आक्का उठून बाहेर गेली, असं मी लिहिलंय. ती उठली नव्हती! शेवटच्या रांगेत, दारापाशी, चपला काढतात तिथंच बसून होती. अण्णा भाकरीचं तबक घेऊन तिथपर्यंत आले, तिच्या अलीकडच्या बाईपुढं धरलं आणि आक्काच्या पुढून नुसतं पलीकडं नेलं – रिकाम्या जागेवरून नेतात तसं. मी मान वळवून पाहत होते. सगळं पाहिलं. मग घरी आई शेजारणीला म्हणाली, "उठून गेली ती," आणि मी तेच इथं उतरवून ठेवलं.

आईला तसं सांगावं लागतं. मला काय कारण? इथं कोण वाचायला येणार आहे?

आक्का गेली ती शेवटच्या गीताला. सावकाश गेली. आता पोट दिसायला लागलंय.

आणखी एक. काल पुन्हा प्रभुभोजनाच्या रसाचे दोन पेले भरलेले परत आले. आक्काच्या नावानं मी एकच जादा भरते, म्हणजे यायला हवा एक. दर महिन्याला माझं मोजण्यात काहीतरी चुकतंय. एवढंसुद्धा नीट जमत नाही.

बुधवार, ४ मार्च

पहिल्यापासून मांडून बघते. कुठं कुणाचं चुकलं ते तरी कळेल.

आक्का म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण निशा. तिनं गेल्या पावसाळ्यात अतुलशी कोल्हापुरात जाऊन नोंदणी लग्न केलं. अतुल आपल्याच गावचा, वरच्या गल्लीतला. त्यांच्या घरी जोतिबा. आमची मंडळी शंभर वर्षांपासून ख्रिस्ती. पंचांनी ठरवलं की निशानं एका रविवारी मंडळीपुढं उभं राहावं, "माझ्या हातून पाप झालं" असं म्हणावं, मग तिला प्रभुभोजनात घेऊ. तोवर नाही. पंच तिघे, त्यातले एक अण्णा – आमचे वडील.

आक्का म्हणाली, "लग्नाला पाप म्हणू? मग पोटात हाय त्याला काय म्हणू?"

उभी राहिली नाही. पण एक रविवार चुकवलेला नाही. येते, दारापाशी बसते, सगळी गीतं म्हणते. अण्णा तिच्याशी बोलत नाहीत. आई चोरून बोलते. मी – मी पेला भरते, झालं.

मांडून पाहिलं. कळलं काहीच नाही.

रविवार, ८ मार्च

आक्का आली. आमच्या समोरच्या घरची तानूबाई मुद्दाम सरकून तिच्याशेजारी बसली. उपदेश काय होता आठवत नाही.

मंगळवार, १० मार्च

लहानपणी मला सारखा ताप यायचा, म्हणून शाळेत घातलंच नाही तीन वर्षं. अण्णांनीच घरी शिकवलं. कारखान्यातून आले की हातपाय धुऊन बसायचे, मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र मांडीवर. त्यांचं बोट ओळीखालून सरकायचं आणि मी वाचायची. काळं वंगण नखात असायचं. अजून काही वाचताना मला ओळीखाली ते नख दिसतं. बरंवाईट ठरवायला गेले तरी आवाज त्यांचाच येतो. माझा असा आवाज आहे की नाही, कुणास ठाऊक.

प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब दर महिन्याला विचारतात, "कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर त्यानं आत्ता उठावं." सगळे माना खाली घालतात. जरा शांतता. मग अण्णा बारीक खोकतात आणि पाळकसाहेब पुढं चालू करतात. सात-आठ वर्षांची असताना मी अण्णांना विचारलं होतं, खरंच कुणी उठलं तर?

"तर तबकावर कापड घालायचं. त्या दोघांचं मिटंपर्यंत कुणालाच न्हाय. पाळकालाबी न्हाय."

"कधी उठलंय कोण?"

"न्हाय." आणि मान ताठ करून म्हणाले होते, "आपल्या मंडळीत वाकडं नसतंय."

मी विश्वास ठेवला. आता दर महिन्याला ती शांतता आली की दारापाशी बसलेली आक्का आठवते. मी मान खाली घालते. मग भाकरी घेते, तोंडात घोळवते, गिळवत नाही. मन शुद्ध नसताना खाल्लं तर ते आपल्यावरच उलटतं, हेही अण्णांनीच शिकवलेलं. घ्यावं की न घ्यावं? नाही घेतलं तर लोक म्हणतील हिचंही काहीतरी आहे. म्हणून घेते. लोकांसाठी! हे तर त्याहून वाईट.

रविवार, १५ मार्च

उपासना सुटल्यावर देवळामागं, नारळाखाली आक्का थांबली होती. म्हणाली, "अनू, तू वाळलीस की गं." तिचे पाय सुजलेत. चपलेचा अंगठा तुटायला आलाय.

मग तिनं सांगितलं. सासूनं कधी अडवलं नाही. अतुल गाडीवरून आणून सोडतो. पण बाळ झाल्यावर त्याला मांडीवर घेऊन दारात बसणार नाही ती.

"माझ्या पुढनं तबक गेलं, सोसलं. त्येच्या पुढनं गेल्यालं मला बघवायचं न्हाय. ईस्टरपतोर येतो. त्या दिवशी मिळालं तर मिळालं. न्हायतर हितनं पुढं न्हाय, आणि घराकडंबी न्हाय. आईला सांग."

आक्का रागावून बोलली असती तर मी रडले असते. ती नुसती सांगत होती, बाजाराचा दिवस सांगावा तशी.

आईला सांगितलं. आई ज्वारी निवडत होती. निवडतच राहिली.

गुरुवार, १९ मार्च

पाडवा. वरच्या गल्लीत अतुलच्या घरावर गुढी दिसली. मी पाळकसाहेबांकडं गेले. चांगला माणूस आहे, पण बदलीवर आलेला, दोन वर्षांत जाणार. म्हणाले, "बाई, मला का वाईट वाटत नाही? पण पंचांनी ठरवलंय. मी त्यात हात घातला तर मंडळी दुभंगेल." चहा दिला. जाताना म्हणाले, प्रार्थना करा. करतेच आहे. काय मागायचं तेही आता कळेना. आक्का वाकावी हे मागू की अण्णा?

शनिवार, २१ मार्च

बाळासोतात्यांना गाठलं. तेही पंच. त्यांच्या रानात शेवटची तोड चालू होती, ट्रॉली भरत होते, सगळीकडं पाचट. मी धीर करून म्हटलं, तात्या, तुम्ही पंचांनी एवढं ताणून धरू नका, ईस्टरला तिला घ्या.

ते मोठ्यानं हसले. माणसं बघायला लागली.

"आमी ताणलंय? आगं, आमी दोघं सोडाय तयार हुतो की! आमच्या पोरांनी काय कमी दिवं लावल्यात? तुजा बाच म्हणाला, न्हाय. माझ्या घरची हाय म्हणून तर न्हायच न्हाय."

मी "बरं" म्हटलं. तात्यांना वाईट वाटलं असावं, उसाचं कांडं सोलून हातात दिलं. ते हातात धरून मी घरापर्यंत चालत आले.

म्हणजे "पंचांनी ठरवलं" हेही मी इतके महिने चूक लिहीत आले.

रविवार, २२ मार्च

अण्णांनी आज स्तोत्र वाचलं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

मंगळवार, २४ मार्च

विचारलं. अखेर विचारलं! जेवून हात धूत होते. म्हटलं, तात्या सांगत होते ते खरं का.

बराच वेळ पाणी ओतत राहिले. मग म्हणाले, "वर्षाराणी आठवती का तुला?"

आठवते, अंधुक. तानूबाईची मुलगी. मलकापूरच्या एका मुलाबरोबर निघून गेली होती आणि परत आली होती. तिला पुढं उभं केलं होतं. मी आईच्या मांडीवर होते. तिचा पदर थरथरत होता एवढंच लक्षात आहे. ती "पाप झालं" म्हणाली, प्रभुभोजन घेतलं, आणि त्यानंतर देवळात कधी आली नाही. इचलकरंजीला असते म्हणे. तानूबाई येते. पण अण्णांशी बोलत नाही, पेला तेवढा त्यांच्या हातून घेते.

"तिला मी हुबी केली. बाकीचे नको म्हणत हुते. आता माझी आली म्हणून रीत वाकवू? तानूबाईला काय तोंड दावू?"

मी म्हटलं, अण्णा, आक्का ईस्टरनंतर येणार नाही. घरीसुद्धा नाही.

"ठाव हाय. तुज्या आईनं सांगितलंय." टॉवेल खांद्यावर टाकला. "माझं काय तुटत न्हाय, असं वाटतंय तुला?"

त्यांचं तुटतंय, आक्काचं तुटतंय, आईचं तुटतंय, आणि रीत तेवढी शाबूत आहे.

गुरुवार, २६ मार्च

तानूबाईकडं गेले. आता हिनंच अण्णांना मोकळं करावं, असं मनात होतं. म्हातारी चुलीपुढं होती. मी सांगत गेले, ती ऐकत गेली. मग म्हणाली, "तुज्या बानं माज्यासाठनं पोरीला दारात बशिवलंय व्हय? मी कवा मागितलं? माजी गेली ती गेली. आनि एक लेक घालवून माजी परत यील का?"

म्हटलं, हे तुम्ही अण्णांना सांगा.

"मी बोलत न्हाय त्येच्यासंगं." आणि जरा वेळानं, "त्येनं यावं की माझ्याकडं. चौदा वरसं झाली, दार का झाकलंय मी?"

अण्णा जाणार नाहीत. ही येणार नाही. घरं समोरासमोर आहेत.

रविवार, २९ मार्च

झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. मिरवणूक वेशीपर्यंत गेली. आक्काला चालवेना, ती देवळाच्या पायरीवरच झावळी धरून बसली होती. आम्ही परत आलो तरी तशीच. अण्णा पुढं होते, पायरी चढताना तिला वळसा घालून गेले.

सोमवार, ३० मार्च

दिवसभर डोकं दुखतंय. काही नाही.

शुक्रवार, ३ एप्रिल

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, वाटून दिलेले असतात. पहिला, क्षमेचा, कायम अण्णांचा. माझ्या जन्माआधीपासून. आज उभे राहिले, शास्त्र उघडलं, ओळ वाचली आणि थांबले. देवळात पंख्याचा आवाज तेवढा. मग म्हणाले, "माझा घसा बसलाय," आणि खाली बसले. बाळासोतात्यांनी कसंबसं दोन वाक्यं बोलून वेळ निभावली.

आक्काच्या कपाळाशी केसांत गुलाल होता. सासरचे जोतिबाच्या यात्रेहून आलेले, लहान पोरांनी उधळला असणार. धुऊन आली होती, तरी भांगात राहिलाच. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. एकीनं म्हटलंच, "आता काय, रंगली की पूर्ण." आक्कानं ऐकलं. पदर पुढं ओढला नाही. मला वाटलं, ओढ गं, एवढं तरी ओढ. आणि असं वाटलं म्हणून माझी मलाच लाज वाटली.

मागं जाऊन तिच्याशेजारी बसावं असं तीन तास वाटत होतं. नाही गेले. पाय उचललाच नाही. मी अशीच आहे. सगळं कळतं आणि जागची हलत नाही.

शनिवार, ४ एप्रिल

प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी नईमभाईंच्या बेकरीतून अख्खा पाव आणला. कडा काढल्या, तुकडे केले. भुगा चिमण्यांना टाकला, तो केरात टाकायचा नसतो. पेल्यांसाठी काळे मनुके उकळून, चुरून, गाळून ठेवले. संध्याकाळी देवळात जाऊन पेले मांडायला घेतले. उद्या पुण्या-मुंबईची माणसं येतील, म्हणून बरेच.

अण्णा समया पुसत होते. माझ्याकडं पाठ होती. म्हणाले, "दोन कमी मांड."

मी थांबले.

"दरवेळी दोन परत येत्यात. मीच वततोय नारळाच्या बुडात. उगंच वाया."

एक मला माहीत आहे, आक्काचा. म्हणजे त्यांनाही माहीत होतं! मी इतके महिने लपवून भरत होते. विचारलं, आणि दुसरा कुणाचा?

फडकं झटकलं आणि घंटेचा दोर बघायला बाहेर गेले.

अण्णा सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी घेतात, टेबलाकडं तोंड करून, मंडळीकडं पाठ. आक्काच्या लग्नानंतर मी त्यांना पिताना पाहिलंय का? आठवून आठवून पाहिलं. तबक ठेवतात, मान खाली घालतात, वळतात. नाही पाहिलं. मी मोजण्यात चुकत नव्हते.

कुणाला न सांगता त्यांनी स्वतःलाही बाहेर ठेवलंय. तिला दारापाशी, स्वतःला टेबलापाशी. आणि आक्का कायमची गेली तरी हा माणूस तसाच वाढत राहील, मरेपर्यंत, एक पेला नारळाच्या बुडात ओतत.

दोन कमी मांडले नाहीत. सगळे मांडले.

शनिवारीच, पुन्हा

उद्या, रविवार, ५ एप्रिल. नऊच्या उपासनेत पाळकसाहेब कुणाचं वाकडं आहे ते विचारतील तेव्हा मी उठणार. नाव अण्णांचं घेणार. तबकावर कापड पडू दे.