कॅलेंडरमागची चाकं

प्रिय रेमी,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही, कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही. तीन हिवाळ्यांत माझ्याकडून तुला चिठ्ठी नाही की फोन नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकलं. आज मंगळवार. तुझी आई चर्चच्या हॉलमध्ये बायकांबरोबर गोधड्या शिवायला गेलीय, चारपर्यंत येत नाही. मी शेडमध्ये शेगडीजवळ बसलोय, मांडीवर फळकुट ठेवून. मी लिहितोय हे तिला ठाऊक नाही. तिच्या वाढदिवसाला तू दोन मिनिटं फोन करतोस, तेव्हा चुकूनही बोलून जाऊ नकोस.

आधी इकडची खबरबात. यंदा हिवाळ्याने नुसती चेष्टा केली. जानेवारीत पाऊस पडला, आणि वरून अशी थंडी आली की सगळं तळं घासलेल्या ताटासारखं लख्ख. वर बोटभर भुसभुशीत बर्फ नाही. शेजारचा क्लोव्हिस म्हणतो, यंदा आभाळातून काच पडली. क्लबने स्नोमोबाइलच्या निम्म्या वाटा बंद केल्यात. वाटा सारख्या करायचं यंत्र मी आता चालवत नाही, गेल्या साली सोडलं. गुडघा. तू विचारणार नाहीस, तरी सांगतो, फार नाही, जिना चढताना कुरकुरतो.

रविवारचा रिवाज मात्र तोच. तळ्यापलीकडे चर्च, मग फिलोमेन मावशीकडे कोंबडीचा रस्सा आणि प्लोयच्या धिरड्यांची चळत. रस्त्याने पस्तीस मैल, तळ्यावरून पाच. तुझी आई म्हणते, देवाला भेटायला एवढा वळसा घालायचा असेल तर देवानेच इकडे यावं. म्हणून ती माझ्या मागे स्नोमोबाइलवर बसते, तीस वर्षं बसतेय.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तळ्याच्या मध्यावर मला जळकट वास आला. तो वास कसला ते तुला सांगायला नको, तूच मला सांगत होतास. गाडीखालच्या काळ्या प्लास्टिकच्या स्लाइडवरून फिरता पट्टा घसरतो तो बर्फाच्या ओलीवर. ओलच नसेल तर प्लास्टिक तापतं, मऊ पडतं, पट्ट्याच्या लोखंडी क्लिपा त्यात रुततात. हे सगळं मला पाठ होतं. तरी म्हटलं, पोचेल. माझं आयुष्य या 'पोचेल'वर गेलंय. नाही पोचली. पट्टा जागच्या जागी जाम झाला आणि आम्ही दोघं वाऱ्यात दोन मैल चालत निघालो. तुझी आई दोनदा घसरून पडली. मी हात दिला तो तिने घेतला, पण तोंडातून चकार शब्द नाही. बटाट्याचं साल जाड निघालं तरी अर्धा तास ऐकवणारी बाई ही. काठावर पोचल्यावर स्कार्फ सोडत एवढंच म्हणाली, "ऑरेल, रेमीने सांगितलं होतं."

आता ते बोलणं आलंच. क्लोव्हिसच्या गॅरेजमधली ती संध्याकाळ. अकरा माणसं होती, मी मोजली होती, कारण ऐकणारे किती आहेत हे मला नेहमी मोजायचं असतं. तू कागद उलगडून दाखवलास, पट्ट्याच्या आत जादा चाकं कुठे लावायची, स्लाइडची झीज कशी कमी होईल, पट्ट्याची घणघण कशी बसेल. माझी अर्धी शेड मागितलीस, गावातल्या गाड्यांची असलीच कामं करायला. आणि मी म्हणालो, "चाकंच हवी असतील तर सायकल घे, पोरा." सगळे हसले. तुझे कान लाल झाले ते मी पाहिलं. पाहिलं, आणि हशा छान पिकला होता म्हणून तेच पुन्हा एकदा म्हणालो. पहिल्या वेळचं मी स्वतःला माफ करू शकतो रे, जिभेला हाड नसतं. दुसऱ्या वेळचं नाही. पुढच्या आठवड्यात तू खाली किनाऱ्यावर गोदीत वेल्डिंगला निघून गेलास, आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो की पोराला शहर हवं होतं.

तू तेच चित्र शेडच्या प्लायवूडच्या भिंतीवरही सुताराच्या पेन्सिलीने काढून ठेवलं होतंस, आठवतं? मी ते पुसलं नाही. त्यावर बटाटा सोसायटीचं कॅलेंडर टांगलं. दर जानेवारीत नवं आलं की जुन्यावरच टांगायचं, जुनं काढायचं नाही. काढलं असतं तर भिंत दिसली असती. चालत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गाडी ओढून घरी आणली आणि मी तिन्ही कॅलेंडरं खिळ्यावरून उतरवली. चित्र जसंच्या तसं होतं, उलट भोवतीची भिंत काळवंडल्यामुळे जास्तच उठून दिसत होतं.

मग तुझा बाप कामाला लागला. क्लोव्हिसच्या गोठ्यामागे जुनी स्नोमोबाइल मरून पडलीय, तिची चाकं सोडवून आणली. क्लोव्हिस म्हणाला, काय रे, सायकल बनवतोस का. त्या अकरांतला कोणीच ते वाक्य विसरलेला नाही. चाकं आणि स्लाइड धरणारी पोलादी पट्टी यांच्यामध्ये टणक प्लास्टिकच्या चकत्या लागत होत्या, तर आईची भाजी चिरायची पांढरी पाटी उचलून आणली आणि कापली. दोन दिवस ती पाटी शोधत होती. मीही शोधायला मदत केली.

पहिल्या खेपेला मी डावं-उजवं चाक अगदी समोरासमोर बसवलं. डोळ्याला सरळ दिसतं ते बरोबर, असा माझा जन्माचा समज. क्लोव्हिसच्या आवारात फेरी मारली तर आवाज दुप्पट. पाय ठेवायच्या फळ्यासुद्धा गुणगुणायला लागल्या. शिव्या घालत परत आलो, चष्मा लावला आणि भिंत नीट वाचली. तू बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतंस की चाकं समोरासमोर नको, दोन कांबांमधल्या अर्ध्या गाळ्याने मागेपुढे लावा, म्हणजे पट्ट्यातली आडवी कांब दोन्ही चाकांवर एकदम आपटणार नाही. पुन्हा सगळं सोडलं, पुन्हा लावलं. आवाज निम्म्यावर आला. बटाटे निवडायच्या यंत्राचा जुना रबरी पट्टा पडला होता, तो कापून सीटखालच्या पत्र्यावर चिकटवला. त्याने आणखी कमी झाला.

आणि त्याखाली आणखी एक ओळ होती. पट्टा मी जन्मभर तारेसारखा ताणून ठेवायचो, घट्ट ते चांगलं म्हणून. त्यानेच स्लाइड जास्त घासते, हे मला कोण सांगणार. तू लिहिलं होतंस, "थोडा ढिला ठेवा, पापा. दोघं बसता." भिंतीवर. म्हणजे ते चित्र गिऱ्हाइकांसाठी नव्हतंच. आमच्या गाडीचं होतं. तुझ्या आईचं वजनसुद्धा तू हिशोबात धरलं होतंस. मी बादली पालथी घातली, तिच्यावर बसलो आणि पान्याने पट्टा ढिला केला.

बर्फ खरवडणाऱ्या दोन तारांचंही चित्र तू काढलं होतंस, त्याही लावल्या. मागे लोंबतात, काचेसारख्या बर्फावरून ओरखडत जातात, आणि उडालेला भुगा स्लाइडवर पडतो. नामी युक्ती. एक मी पहिल्याच रविवारी मोडली. गाडी मागे घेण्याआधी उतरून तारा वर अडकवायच्या असतात, ते विसरलो. चर्चच्या दारात सगळ्या गावासमोर कडकन आवाज झाला. तू असतास तर हसला असतास. हसायला हवं होतंस, तुझा हक्क होता.

पण काम झालं, रेमी. पाच मैल जाऊन हातमोजा काढला आणि स्लाइडला बोट लावलं तर गार. आज चार रविवार झाले, केसाएवढी झीज नाही. क्लबमधले दोघं मापं घ्यायला येऊन गेले. मी त्यांना भिंत दाखवली आणि कोणी काढलंय तेही सांगितलं.

आता ज्यासाठी कागद घेतला तिकडे येतो. आमच्या गाडीचं इंजिन गरीब आहे, ते गुरगुरतं फक्त. बोंब मारायचा तो पट्टा. तुझी आई म्हणायची, मागे बसलं की डोक्यात गिरणी चालू असते. ती गिरणी आता बंद झालीय. मी हेल्मेट घालत नाही, ओरड नंतर, कानावर फ्लॅपवाली टोपी असते. आम्ही सायकलपेक्षा थोडंसं जोरात जातो. ती मला धरून बसते, हनुवटी माझ्या उजव्या खांद्याला टेकलेली. त्या पहिल्या रविवारी तळ्यातलं बेट मागे पडल्यावर मला कोणीतरी बोलतंय असं वाटलं. म्हटलं, जपमाळ ओढत असेल. मग तुझं नाव ऐकू आलं.

ती तुझ्याशी बोलत होती. थिबोडोंनी कोठार लाल रंगवलंय बघ, अगदीच भडक, म्हातारीला विचारलेलं दिसत नाही. मावशीच्या मांजरीला पाच पिल्लं झाली, एक तुझ्यासारखं तिरपं बघतं. तुझी निळी गोधडी मी उसवून पुन्हा शिवतेय, कापूस एका कोपऱ्यात गोळा झाला होता. तिकडे समुद्राचा वारा लागतो म्हणतात, छातीला काही बांधतोस का? आणि मग थांबली. जरा वेळाने म्हणाली, हं, तेच म्हणते मी. ती मध्ये मध्ये थांबते, रेमी. तुझ्या उत्तरापुरती जागा सोडते. काठ जवळ आला तसं म्हणाली, बरं, ठेवते आता, पापा गाडी थांबवतायत, जेवत जा.

मी मागे वळलो नाही. वळलो असतो तर ती पुन्हा कधी बोलली नसती. तिला वाटतं मला ऐकू येत नाही, आणि का वाटू नये? तीस वर्षं या सीटवरून ती 'हळू' म्हणून ओरडायची, तेही मला ऐकू आलं नाही. दुसऱ्या रविवारी कळलं की हे आजचं नाही. गेल्या वर्षी तुला सांगितलं होतं ना, असं म्हणाली. म्हणजे तीनही हिवाळे, जाता-येता दहा मैल, माझ्या पाठीला टेकून ती तुला सगळं सांगतेय, आणि मी पुढे बसून विचार करतोय की बाई घरात तुझं नाव काढत नाही म्हणजे तिने मनावर घेतलं नसावं. तिसऱ्या रविवारी माझा विषय निघाला. म्हणाली, "तुझा बाप वाईट नाही रे. देवाने त्याच्यात रिव्हर्सच टाकला नाही. त्या दिवशी चर्चसमोर एकदाच मागे आला, तर तारच मोडून बसला." मला हसू आवरेना, खांदे हलायला लागले. तिने मोठ्याने विचारलं, थंडी वाजते का? मी म्हटलं, हो. मग तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलं मला, आणि मला रडू आलं. डोळ्यांतलं पाणी गालावर गोठलं. चर्चमध्ये पाद्रीबाबा म्हणाले, वारा फार आहे आज.

तेव्हापासून मी गाडी आणखी हळू चालवतो, म्हणजे तिला जास्त बोलता यावं. पण हे बरं नाही. बायकोचं असं चोरून ऐकणं पाप आहे, आणि ती जागा सोडते तिथे मी तुझ्याऐवजी उत्तरही देऊ शकत नाही. म्हणून दोन गोष्टी ठरवल्यात, त्यातली कुठली ते तू सांग. तू येणार नसलास तर चाकं पुन्हा समोरासमोर लावीन आणि रबर काढून टाकीन. तासाभराचं काम. स्लाइड शाबूत राहील, घणघण परत येईल, आणि तिचं बोलणं तिचं तिच्यापाशी राहील. मी तिला काही विचारणार नाही. दुसरी गोष्ट अशी की मी चुकलो, रेमी. सायकल म्हणालो तिथे चुकलो आणि दुसऱ्यांदा म्हणालो तिथे फार चुकलो. अर्धी शेड रिकामी केलीय, भिंतीवर आता कॅलेंडर नाही. राहायला ये असं म्हणत नाही, तेवढा हक्क मी ठेवला नाही. तळं मार्चअखेरपर्यंत धरेल. एका रविवारी ये, येताना आईसाठी भाजी चिरायची एक पांढरी पाटी आण, आणि गाडी तू चालव. मी मोटार काढून रस्त्याने येईन, पस्तीस मैल वळसा घालून, एकटा. तू फक्त तिला मागे बसव आणि हळू ने. बेट मागे पडलं की ती बोलायला लागेल, सवयीने. मध्ये थांबेल, तेव्हा उत्तर दे.

तुझाच,
पापा