मायच्या जागेवरून

भोकरदन
१२ जानेवारी १९७४

चि. कारभारी यास अ. उ. आशीर्वाद.

दुकानांच्या पाट्या रंगवणारा माझा धाकटा भाऊ मायचं चित्र काढतो आहे, हे वाचून चकित झालो. हे मनात का आलं, तेवढं कळव. तिचा फोटो कुणी काढलाच नाही, आणि ती गेली तेव्हा तू सहाचा, मी बाराचा. म्हणून तिचे नाकडोळे मला विचारतोस, हे रास्तच. लिहून घे : नाक तिळाच्या फुलासारखं, डोळे हरिणीचे, भुवया धनुष्याकृती. संस्कृतच्या मास्तराकडून याहून नेमकं मिळणार नाही. भिंतीवर खिळा ठोकून ठेवला आहे.

लोभ आहेच, पत्रागणिक वाढवत जा.

तुझा दादा,
सर्जेराव


हसनाबाद
३० जानेवारी १९७४

ती. दादांस कारभारीचा सा. न. वि. वि.

तुम्ही लिहिलं तसं बराबर काढलं. गोजरआत्या बघून म्हणाली, ही नाटकातली बाई कोण, अन् हिला भाकरी तरी थापता येती का. मंग सगळं पुसून टाकलं.

का काढतो म्हणता, तर गावातल्या समद्या दुकानांची नावं मी रंगवली. एक दिवस ब्रश हातात होता अन् मायचं तोंड आठवंना. ती पाटी अजून अर्धीच हाय.

शेवटी चुलीपाशी गेलो. ती बसायची तसा, एक गुडघा वर करून बसलो. तिथून तिचं तोंड काही दिसलं न्हाई. पण ती जे बघायची ते दिसलं. तेच काढलं. तिकडं येणाऱ्या शिवाजीच्या हाती पाठवतो.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचा,
कारभारी


भोकरदन
८ फेब्रुवारी १९७४

चि. कारभारी यास अ. उ. आशीर्वाद.

कागद सोडला आणि आधी रागच आला. चित्रात माय नाही. दार, उंबऱ्यावरचं ऊन, जेवायला बसलेली दोन पोरं. मग तुझ्यासारखा एक गुडघा वर करून समोर बसलो. तू तोंडात घास धरून तिच्याकडे पाहतो आहेस. माझ्या ताटाशेजारी शब्दरूपांची वही, आणि मान खाली.

तिळाचं फूल मी त्या वहीतूनच आणलं होतं, कारभारी. तिच्याकडे मान वर करून कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

चित्र खिळ्याला लावलेलं नाही. जेवायला बसलं की समोर येईल असं खाली ठेवलं आहे. एकच विचारतो : माझी मान थोडी वर करता येईल का? पक्क्या वाळलेल्या रंगावर होत नसेल तर राहू दे.

मोठा असून आज मीच मागतो, लोभ असू दे.

तुझा दादा,
सर्जेराव