बसतंय, पण फिरत नाय

७ फेब्रुवारी २००५, मुरबाड
मोटरवाल्यांनी जुनी मोटर बनवणं बंद केलं. आमच्या मिरची कांडपाच्या सगळ्या मॉडेलांत आता नवी घालायची. कॉम्प्युटरवर एक भाग काढून त्या जागी दुसरा ठेवणं, याला ड्रॉइंगच्या खोलीत ‘बदली मारणे’ म्हणतात. खात्यात कुणी दांडी मारली की गेटवरचा बदली कामगार आत घेतात, त्यावरून.
कटकट अशी की बदली मारली की जोड तुटतात. पुलीला, जाळीला, पायाच्या पट्टीला जुनीच मोटर आठवत असते. पडद्यावर तुटलेल्या जोडांची यादी लालेलाल. मग एकेक जोड हाताने लावत बसा. मॉडेलं ढीगभर आणि मी एकटी.
संध्याकाळी खोलीवर भुर्जी-पाव. घरमालकीण: “एकटीला करमतं कसं तुला?” छान करमतं, म्हटलं. करमत नाही.

९ फेब्रु.
युक्ती सापडली! मोटरच्या ज्या बाजू दुसऱ्या भागांना जोडल्या जातात त्यांना नावं दिली. पाया, दांडा, तोंड. नव्या मोटरलाही तीच तीन नावं. बदली मारली, एक रेघ लाल नाही. मोटर बदलली हे यंत्राला कळलंच नाही. खोलीत कुणी नव्हतं, स्वतःच टाळी वाजवली.
साहेब म्हणाले, “गुड.” एवढंच.
वनिताताईला फोन केला असता. तिला ओ की ठो कळलं नसतं, तरी “हुशार गो माझी बाय” म्हणाली असती. ती दिवाळीत गेली. बूथवर गेले की बोटं अजून तिचाच नंबर फिरवायला जातात.

१३ फेब्रु., रविवार, शहापूर
किन्हवलीमार्गे एसटीने घरी. बघते तर ओटीवर बैठक. आई, दाजी, दाजींची आई. माझी भाची प्राची कोपऱ्यात बिस्किट चहात बुडवत. चहा संपायच्या आत कळलं. ताईच्या जागी मी उभं राहायचं. वर्ष व्हायच्या आत उरकायचं.
आई: “पोरीला सावत्र आय आलेली मना बघवल नाय. माय मरो नि मावशी जगो म्हंतात, ते काय उगाच?”
म्हण चांगली आहे. माय मेलीच आहे. मावशी जगते का, हे कुणी विचारलं नाही.
दाजी खाली बघत होते. वाईट माणूस नाही. कसाऱ्याला रेल्वेत आहेत, व्यसन नाही, ताईला कधी उलट बोललेले ऐकलं नाही. ताई गेल्यापासून शर्टाची बटणं वरखाली लागतात. आजही लागली होती.
प्राची मांडीवर येऊन झोपली. खरं लिहायचं तर मला ही पोर हवी आहे. फार हवी आहे. परतीच्या गाडीत बसायला पाय तयार नव्हते. विचार करून सांगते, म्हणाले.

१५ फेब्रु.
करायचं. ठरलं. दार उघडल्यावर घरात कुणीतरी असेल.
डोक्याला तेल लावून केस धुतले, उगाचच.

१७ फेब्रु.
फिटर गणूदादांनी खालून फोन केला. नव्या मोटरचं पहिलं कांडप जोडून झालं होतं.
“मॅडम, बसतंय एकदम बरोबर. पण फिरत नाय.”
गेले बघायला. नव्या मोटरचा दांडा लांब, पुली जाळीला घासते. नावाला नाव जुळलं, लाल काही दिसलं नाही, म्हणून मी आत डोकावलेच नव्हते. साहेबांनी पोटभर ऐकवलं. चूक माझी, ऐकून घेतलं.

२० फेब्रु., रविवार, शहापूर
हो म्हणायलाच गेले होते. म्हणालेही. आईने साखर वाटली.
मग दाजींची आई: “नवरीचं नाव बदलाचं असतं ना? मंग वनिताच ठेवू. पोरीच्या शालंत आयचं नाव तेच हाय, रेशनकार्डावर तेच हाय. कुटं खाडाखोड नको.”
मायेने म्हणाली बिचारी. आई मान डोलवत होती. दाजीही म्हणाले, “आमच्या तोंडात पन तेच बसलंय.”
पाणी प्यायला उठले आणि मोरीत जाऊन उभी राहिले. पाया, दांडा, तोंड. हसू आलं, मग रडू.
नाव बदलणार हे मला काय माहीत नव्हतं? लहानपणी ताई चिडवायची, तुझं नाव ठकूबाई ठेवतील. ठकूबाई चाललं असतं. पण ताईचं नाव मी घेतलं तर ताई कुठे जाईल? आणि मी?
स्टँडवर दाजी नि प्राची सोडायला आले. दाजी: “नंदा, नावच तं हाय. येवढं काय त्यात?”
म्हटलं, “मी येईन. प्राचीसाठी येईन, तुमच्याशीही नीट संसार करीन. पण सुनंदा म्हणून. वनिता म्हणून हाक मारलीत तर ओ द्यायला मी नसेन.”
दाजी: “आईला इचारतो. तुज्या हापिसात फोन करतो.”
प्राचीने पदर ओढला. “मावशी, तू आई झालीस तं मावशी कोन होनार?”
गाडी लागली होती. पदर सोडवून चढले.

२४ फेब्रु.
नव्या मोटरच्या बाजूंची नावं पुसली, वेगळी दिली. बदली मारली. सगळं लाल.
साहेब मागे उभे. “अगं, हे काय उलटंच?”
“लाल झालं की निदान बघावं लागतं, सर.”
ते आपल्या टेबलाकडे गेले. जाळी रुंद केली, पुली आत घेतली, एकेक जोड हाताने लावला. वेळ गेला. मध्येच भीती वाटली. दाजी नाही म्हणाले तर? तर हीच खोली, हाच स्टोव्ह, हीच घरमालकीण. एका नावापायी पोर गमावली म्हणून आई जन्मभर ऐकवील, आणि मीही स्वतःला ऐकवीन.

२ मार्च
गणूदादा: “फिरतंय, मॅडम. आवाज पन नाय.”
दाजींचा फोन नाही. ऑफिसात फोन वाजला की आता साहेबांच्या आधी मीच उचलते, आणि हॅलोच्या आधी नाव सांगते. सुनंदा बोलतेय.
आजचा फोन जाळीचा पत्रा पुरवणाऱ्याचा होता.