डाव्या हातातलं कडं

३ नोव्हेंबर, सोमवार

ठरलं! सिनेमातली काळ्या पाकटाची उडी आपल्याच खडपावरून. आरे-वारेच्या पुढचा तो पाण्यातला एकटा कातळ, डोंगराच्या पायथ्याचा. आणि उडी मारणार आमचा धाकटा, विनीत!

त्याचा मुंबईहून फोन आला तेव्हा दुकानात एका गिऱ्हाइकाचं आधारकार्ड मशीनवर ठेवत होतो. म्हणाला, "दादा, हिरोचा डबल मी. फाइट मास्तरांनी नाव पक्कं केलं." मी त्या माणसाला एकाच्या जागी पाच झेरॉक्स दिल्या आणि पैसे घ्यायचे विसरलो.

स्वप्ना म्हणते, एवढं काय नाचायचं, उडीच तर मारायचीय. माझ्या बायकोला पाकट म्हणजे फक्त कालवणातला मासा. दिवसा बंदरावर बर्फ फोडणारा आणि संकट आलं की पाकटाच्या पंखांसारखी काळी झूल पांघरून दर्यात उतरणारा माणूस हिला कसा समजावणार? चित्रकथेचा अंक सत्तावीस, शेवटचं पान. एक अक्षर नाही. खडप, काळं पाणी आणि मधोमध हवेत तो. चौथीत होतो, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर ते पान उघडलं आणि गाडी चुकली. विनीत माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. तो अक्षरं शिकला ती ह्याच अंकांवर. आईचा काळा परकर गळ्यात बांधून खाडीत उड्या मारायचा. मार मात्र मी खायचो.

५ नोव्हेंबर

विनीतने सिनेमाच्या पोशाखाचे फोटो पाठवले. बघून डोकंच फिरलं. झुलीला पुढून चेन! रबराचे दंड! आणि कडं उजव्या हातात.

आता इतर अंकांत कडं उजव्याच हातात असतं, हे मला कोणी शिकवायला नको. पण सत्ताविसाव्या अंकाच्या त्या पानावर ते डाव्या हातात आहे. आम्ही चाहत्यांनी ह्याच्यावर वर्षानुवर्षं डोकं चालवलंय. उत्तर मीच शोधलं: सव्विसाव्या अंकात त्याच्या उजव्या मनगटाला गोळी चाटून जाते. म्हणून कडं डावीकडे. चित्रकार काय येडा होता?

तसाच डोंगर. पानावर डोंगर उजवीकडे. आपल्या किनाऱ्यावरून बघावं तर खडपाच्या डावीकडे. चित्रकाराने मुद्दाम बाजू बदलली, म्हणजे पाकटाची जागा कोणाला सापडू नये. हेही मीच लिहिलंय. ग्रुपवर लोकांनी हात जोडले होते.

आणि हे सिनेमावाले पाकटाला खडपाच्या उजवीकडे उडवणार! पानावर तो डावीकडे उडी मारतो. डावीकडे. पोस्ट लिहिली, लांबलचक. दुकान अर्धा दिवस बंद.

७ नोव्हेंबर

पोस्ट कुठल्या कुठे गेली. हजारभर लोकांनी पुढे पाठवली. "पान बदलाल तर थिएटर रिकामं ठेवू."

संध्याकाळी खुद्द डायरेक्टरचा फोन! मला 'सर' म्हणाला. कडं डाव्या हातात घालतो, उडीही डावीकडेच घेतो, डोंगर काय तो नंतर कॉम्प्युटरवर हलवू. म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून पाकट जिवंत आहे." फोन ठेवल्यावर दुकानात एकटाच हसत बसलो. आयुष्यात काहीतरी झालं आपल्या हातून.

९ नोव्हेंबर, रविवार

युनिट आलं. विनीत घरी जेवून गेला. अंगाने भरलाय, पण भात अजून ताटभर पसरूनच खातो.

आईने विचारलं, कुठं मारतोस उडी? त्याने सांगितलं. आईचा हात तव्यावरच थांबला. "डोंगराकडच्या अंगाला? थयं तुज्या बाबांचा गळ कायम अडकायचा. किती गळ गेले थयं. तकडं नको जाव."

मी म्हटलं, आई, गळ अडकतो तो वेलीबिलीत. भाकरी करपली.

विनीतला बाहेर विचारलं, पाणी बघितलंय ना? म्हणाला, पाणबुड्यांनी आधी उजवी बाजू पाहिली होती, ती मस्त खोल आहे. डावीकडे पाणी गढूळ, दिवाळी होऊनही पाऊस गेला नाही ना. मास्तरांनी दोरीला वजन बांधून सोडलं, लागलं खोल. भरतीलाच घेणार आहेत. "आणि दादा, तू सांगितलंयस म्हणजे तीच बाजू बरोबर."

बरं वाटलं ऐकून. रात्री मात्र भाकरीचा करपलेला वास नाकातून जाईना.

११ नोव्हेंबर

सेटवर गेलो होतो. विनीत पूर्ण पोशाखात खडपावर उभा, डाव्या हातात कडं. माझ्या डोळ्यांत पाणी. लपवून एक फोटो काढला.

खाली पाणी चहासारखं. एक लाट फुटून मागे गेली तेव्हा डोंगराकडच्या अंगाला पाणी जागच्या जागी गोल फिरल्यासारखं झालं. परत बघितलं तर काही नाही. वाऱ्याने असेल.

१२ नोव्हेंबर

फोटो ग्रुपवर टाकला. फक्त ग्रुपवर! कोणा गाढवाने बाहेर पाठवला. आता सगळीकडे पसरलाय.

विनीतचा फोन, आवाज बारीक. "दादा, तू टाकलास? डायरेक्टर पेटलाय." मी हो म्हटलं. तो म्हणाला, जाऊ दे. पण उद्यापासून सेटवर सगळ्यांचे मोबाइल काढून घेणार, बाहेरचा माणूस एक नाही. मलाही बंदी. उडी शनिवारी, दुपारच्या भरतीला. मी नसणार. जीव नुसता जळतोय.

१३ नोव्हेंबर

स्वप्ना त्या फोटोवरून चिडलीय. आई विहारात गेली की लवकर परत येत नाही हल्ली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रिक्षा येतेय म्हणून सांगितलंय. तोवर लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

चिपळूणच्या चाहत्यांनी टी-शर्ट मागितले होते, उडीचं पान छापून. ते पान मी आजवर कशावर छापलं नव्हतं, छापवत नव्हतं. म्हटलं, आजचा दिवस चांगला. टी-शर्टवर छापायचं तर चित्र आधी कॉम्प्युटरवर उलटं करावं लागतं, आरशात दिसतं तसं. मगच कापडावर सुलटं उमटतं. रोजचं काम. बटण दाबलं.

आणि पडद्यावर आपला किनारा.

डोंगर डावीकडे, जिथे असतो तिथे. कडं उजव्या हातात, जिथे असतं तिथे. कोणी काही मुद्दाम बदललं नव्हतं. मनगटाची गोळी नाही, लपवलेली जागा नाही, काही नाही. छापखान्यात त्या पानाची निगेटिव्ह उलटी लागली. पानावर अक्षर नव्हतं म्हणून कोणाला कळलं नाही. एवढंच. तीस-पस्तीस वर्षं मी एका चुकीला अर्थ लावत बसलो.

चित्रकाराने नीट पाहून काढलं होतं. पाकट डोंगराच्या विरुद्ध बाजूला उडी मारतो, खोल पाण्यात. उजवीकडे. डोंगराच्या अंगाला त्याने पांढरा फेस काढलाय, आणि फेसात काळे ठिपके. मी त्यांना शाईचे डाग समजत होतो. ते धोंडे आहेत. डोंगरावरून कोसळलेले. बाबांचे गळ खाणारे.

विनीतचा फोन बंद. मास्तरांचा बंद. डायरेक्टरचा बंद. सगळ्यांचे मोबाइल कुठल्यातरी पेटीत, माझ्यामुळे. स्कूटर स्वप्नाकडे, ती आईला घेऊन विहारात. भरती चढत असेल. रिक्षा का येत नाही. हॉर्न वाजला, आली.

१८ नोव्हेंबर

आज विनीतने डोळे उघडले. कमरेखाली त्याला काही कळत नाही. डॉक्टर म्हणतात, कळणारही नाही.

मला बघून हसला. म्हणाला, "दादा, चित्रासारखी झाली ना?"

हो म्हटलं. अगदी तशीच.