मिक्सरचं लहान भांडं

मंगळवार, १२ मे. जळगाव

बँकेतून उन्हात भाजून आले. दोन पिकलेली केळी, वाटीभर दही, थोडा बर्फ. पाच मिनिटांत थंडगार ग्लास, तोही फक्त माझ्यासाठी. एवढंच हवं होतं.

सासूबाई ओट्याजवळच उभ्या होत्या. "केळं नि दही? खोकला व्हई."

होऊ दे. मिक्सरचं लहान भांडं हाताला लागलं, त्यातच सगळं टाकून फिरवलं.

पहिल्या घोटालाच घसा पेटला. लहान भांडं! त्यात काळा मसाला वाटतात. ते धुवायचं नसतं, फडक्याने पुसून ठेवायचं, ही या घरची रीत. नऊ वर्षं झाली लग्नाला, तरी विसरले?

"कसं लागस?" त्यांनी विचारलं.

"एकदम मस्त," म्हटलं, आणि त्यांच्याकडे बघत ग्लास तळापर्यंत रिकामा केला. डोळ्यांतून पाणी आलं तर आलं.

आत्ता लिहिताना सुचतंय. मसाला त्यांनी दुपारीच वाटला होता. मी त्या लहान भांड्यात केळी टाकत होते तेव्हा त्या बघत होत्या. खोकल्याचं बोलल्या, मसाल्याचं नाही.

ठीक आहे. उद्या पुन्हा करणार. त्याच भांड्यात मसाला वाटून, फडक्याने पुसून, अगदी त्यांच्या रीतीने. दोन ग्लास भरणार. एक त्यांच्या हातात देऊन विचारणार, "कसं लागस?"