तांब्याच्या तळाशी अंजन

मंगळवार, संध्याकाळ

रस्त्यासाठी आज नाल्याजवळचा तो जुना अंजन वृक्ष पाडला. जंगलात कार्बन किती साठलाय ते मोजायला आम्ही वनखात्याचे लोक फिरलो, तेव्हा त्याच्या बुंध्याला टेप मीच लावली होती. साहेब म्हणाले, "त्याऐवजी सुबाभूळ लावू. झपाट्यानं वाढते, कार्बनचा हिशेब जुळतो." मी मान हलवली. काऊन हलवली? सुबाभूळ चार पावसाळ्यांत चुलीत जाते. अंजनाचं लाकूड म्हणजे दगड!

येताना एक ढलपी उचलून आणली. बाबा बैलगाडीची चाकं करायचे, लाकूड पारखायची सवय अजून गेली नाही. काही न विचारता त्यांनी ती तांब्यातल्या पाण्यात सोडली. थेट तळाला गेली.

"अंजन," बाबा म्हणाले. "आपल्या नाल्याजवळचा तं नाही ना वं?"

मी पुन्हा मान हलवली.

किती वर्षांची हवा गिळून एवढं जड झालं असेल ते लाकूड? बाबांच्या आज्याच्या चुलीचा धूरसुद्धा असेल त्यात.

ढलपी अजून तळाशीच आहे. बाबांना एक सांगितलं नाही. निघताना मजुरांनी त्या अंजनाच्याच वाळक्या फांद्या पेटवून चहा केला होता. "घ्या ना ताई," म्हणाले.

मी प्यायले.