भिंतीतला पाइप

प्रिय धाकट्या,

नव्या शहरात तू कुणाच्या तरी हाताखाली काम धरलंस, असं कळलं. बरं झालं. स्वतःची कंत्राटं घ्यायची तर माणसं ओळखता यायला हवीत. तुला सख्खी बहीणही ओळखता आली नाही.

वरच्या मजल्यावरचं बाथरूम करायला घेतलंस, तेव्हा तू दोनदा बजावलं होतंस, की भिंतीतला जुना लोखंडी पाइप गंजलाय, तोही बदलू. मला नव्या फरशा लवकर हव्या होत्या, पाहुणे यायचे होते. घर माझं, जबाबदारीही माझी, असं मीच म्हणाले. ‘मग तेवढं लिहून दे, ताई,’ तू म्हणालास. सख्ख्या बहिणीकडून लिहून घेणार का, असं मी हसून विचारलं, तर ओशाळून कागद खिशात घातलास. निदान नळ बंद ठेवून एक दिवस पाण्याचा दाब तपासू दे म्हणालास, तेही मी करू दिलं नाही.

सात महिन्यांनी पाणी झिरपत खाली आईच्या खोलीत उतरलं. सकाळी उठून ती दाराकडे निघाली आणि ओल्या फरशीवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात सगळे तुझ्याकडे बघत होते आणि तू माझ्याकडे. घरचंच काम म्हणून त्याने कसंबसं उरकलं, असं मी सांगून टाकलं. तू औषधांची चिठ्ठी उचलून दुकानाकडे निघालास. मला तुझी कीव आली नाही, रागच आला. भांडला असतास तर कदाचित मी कबूलही केलं असतं.

मग दुसऱ्या प्लंबरने भिंत फोडली. तुझा एकही जोड गळत नव्हता. जुन्या पाइपचा मात्र बोट लावताच चुरा होत होता. ‘आधीच्या माणसाचं काम चोख आहे हो,’ तो म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि संध्याकाळच्या आत भिंत बुजवून घेतली. तोवर नात्यातली तुझी सगळी गिऱ्हाइकं तुटली होती. झाकलेलं पुन्हा कशाला उकरायचं?

आई अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही. तू दोनदा दारात आलास, ती झोपलीय सांगून मी परत पाठवलं. तिला म्हणाले, त्याला तोंड दाखवायची लाज वाटते. तरी ती रोज म्हणायची, ‘त्याला सांग, मी रागावले नाही.’ तो निरोप आज देतेय.

आई मागच्या मंगळवारी गेली. डॉक्टरांनी आठवडाभर आधी कल्पना दिली होती. तुझा नंबर माझ्याजवळ होता. पण फोन केला असता तर तू धावत आला असतास, आणि तिने विचारल्यावर खरं सांगितलं असतंस. तिने तुझ्यावरच विश्वास ठेवला असता. नातेवाइकांना मी सांगितलं, कळवलंय, पण तो येत नाही म्हणतो. सगळं उरकल्यावर हे पत्र टाकतेय. आता यायची घाई करू नकोस.

तुझीच,
ताई